खुब्याचा एक्स-रे : काय दिसतं आणि काय दिसत नाही

(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर. शेवटी त्या दिवशी विचारलेली काही प्रश्नोत्तरे जोडली आहेत.)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर बोलवावा अशी रीत आहे आणि ती योग्यच आहे. तरी सेक्रेटरींनी आज मला उभं केलं, याला कारण आपली मागची वार्षिक सर्वसाधारण सभा. लिफ्टचा विषय निघाला, खर्चाचा आकडा फळ्यावर आला, आणि एका सभासदांनी सूचना मांडली की ज्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा त्रास आहे त्यांनी एक्स-रेचे रिपोर्ट जोडावेत, म्हणजे गरज खरी किती आणि हौस किती ते कमिटीला कळेल. सूचना वाईट हेतूने नव्हती. पैशाचा प्रश्न आला की माणूस कागद मागतो. मीसुद्धा चौतीस वर्षं बँकेत कागदच मागत होतो. पण हा कागद नेमकं काय सांगतो हे आधी पाहू आणि मग तो मागायचा की नाही ते ठरवू, असं मी तेव्हा म्हणालो. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, मग तुम्हीच सांगा.

मी डॉक्टर नाही हे पुन्हा एकदा सांगतो. आमच्या घरात गेली तीन वर्षं एक्स-रेचं एक जाडजूड पाकीट आहे. त्यातल्या एकेका फिल्मवरून मी डॉक्टरांना आणि एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियनना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी मला आत बोलावून दाखवायलाच सुरुवात केली. नंतर मिळेल ते वाचलं. आज सांगतो ते या शिदोरीतून. औषध मी सांगणार नाही, विचारूही नका.

आधी खुबा म्हणजे कुठे? बहुतेक जण कुल्ह्यावर, बाजूला हात ठेवतात. तिथे हाताला लागतं ते मांडीच्या हाडाचं बाहेरचं टेंगूळ. खरा सांधा त्याच्या आत, जांघेच्या मागे खोलवर आहे. कमरेच्या हाडाला एक खोल वाटी आहे, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो. उखळात लाडू ठेवावा तसा. गोळा आणि वाटी दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या थरामुळे हाडावर हाड घासत नाही.

आता पहिली गंमत. एक्स-रेमध्ये ही कूर्चा दिसतच नाही. हाडातल्या चुन्यामुळे किरण अडतात म्हणून हाड पांढरं उमटतं. कूर्चेत चुना नाही, म्हणून किरण तिच्यातून आरपार जातात. फिल्मवर गोळा आणि वाटी यांच्यामध्ये जी काळी कमान दिसते तिला आपण सगळे ‘गॅप’ म्हणतो. पण ती मोकळी जागा नाही. ती कूर्चेची जागा आहे. म्हणजे जिची झीज मोजायची ती वस्तू फोटोत नाहीच, तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती फोटोत आहेत. ‘गॅप कमी झाला’ म्हणजे भिंती जवळ आल्या, म्हणजे मधला थर झिजला, असा तो अंदाज असतो. अंदाज चांगला आहे, पण अंदाजच.

झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, ओळखताना डॉक्टर फिल्मवर चार गोष्टी शोधतात. पहिली ही फट. ती सगळीकडे सारखी कमी झाली आहे की एका जागी, हेही बघतात. साध्या झिजेत ती बहुधा वरच्या-बाहेरच्या बाजूला कमी होते, कारण तिथे भार जास्त. आमवातासारख्या सुजेच्या आजारात ती चहूबाजूंनी सारखी कमी होते. एकाच काळ्या कमानीवरून दोन वेगळे आजार ओळखता येतात, हे मला फार विलक्षण वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे काठाला फुटलेले हाडाचे काटे. रिपोर्टात त्यांना ऑस्टिओफाइट म्हणतात, आपण ‘हाड वाढलंय’ म्हणतो. तिसरी, सांध्यालगतचं हाड घट्ट होऊन जास्त पांढरं दिसणं, रिपोर्टात स्क्लेरोसिस. चौथी, त्याच हाडात पडलेल्या लहान गोल पोकळ्या, रिपोर्टात सिस्ट. आजार फार पुढे गेला की गोळ्याचा आकारच बिघडतो, तो चपटा होतो.

हे सगळं दिसायला फिल्म नीट काढलेली हवी. टेक्निशियन पाय आत वळवायला लावतात, दोन्ही अंगठे एकमेकांकडे. पुष्कळ जणांना वाटतं हे त्यांचं उगीचच चाललंय. उगीच नाही. मांडीच्या हाडाची मान थोडी पुढे झुकलेली असते. पाय सुमारे १५ अंश आत वळवला की ती फिल्मला समांतर येते. पाय बाहेर पडलेला राहिला तर मान आखूड दिसते आणि वाचणाऱ्याची फसगत होते. दुखणाऱ्या खुब्याला नेमकं हेच आत वळणं जड जातं, तेव्हा जमेल तेवढंच करा, पण जमत नाही हे टेक्निशियनना सांगा. दुसरं, एका बाजूचीच फिल्म काढून घेऊ नका. एकाच फिल्मवर दोन्ही खुबे आले की तुलना करता येते, आणि आपल्या शरीरात तुलनेला आपलाच दुसरा खुबा सगळ्यात चांगला. गुडघ्याची फिल्म उभं राहून काढायला हवी, झोपून काढली तर फट खोटीच मोठी दिसते. खुब्यात हा फरक कमी, म्हणून खुब्याची बहुधा झोपवूनच काढतात.

आता ग्रेडकडे येतो. आपल्यातल्या कित्येकांच्या तोंडी ‘मला ग्रेड टू आहे’, ‘यांना ग्रेड फोर सांगितलंय’ असं असतं. ही ग्रेड आली कुठून? इंग्लंडात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या गिरण्यांचं कापड आपल्या आजोबांच्या पिढीने वापरलं आणि पुढे होळीत जाळलंही. तिथल्या ली नावाच्या गावात कोळसा खाणी आणि कापड गिरण्या होत्या. मँचेस्टरचे दोन डॉक्टर, जोनस केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स, तिथल्या लोकांच्या सांध्यांचा अभ्यास करत होते. कुणाला संधिवात आहे आणि कुणाला नाही हे मोजायचं तर सगळ्यांनी एकच माप वापरायला हवं, म्हणून १९५७ मध्ये त्यांनी फिल्म वाचायची पाच पायऱ्यांची पद्धत छापली. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे शंका. दोन म्हणजे नक्की आहे पण थोडं. तीन म्हणजे मध्यम. फट बऱ्यापैकी कमी, हाड घट्ट. चार म्हणजे फट जवळजवळ संपलेली, आकार बिघडलेला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच पद्धत घेतली आणि आज आपल्या गल्लीतल्या एक्स-रे सेंटरपर्यंत ती पोचली आहे.

लक्षात घ्या, ही पद्धत गावंच्या गावं मोजण्यासाठी केली होती. खानेसुमारीसारखी. एका माणसाचं ऑपरेशन करावं की नाही, किंवा एका इमारतीला लिफ्ट लावावी की नाही, हे ठरवायला नव्हे. दोन अनुभवी डॉक्टर एकाच फिल्मला एक जण दोन आणि एक जण तीन देतो, असं होतं. यात कुणाची लबाडी नाही. ‘थोडं’ आणि ‘मध्यम’ यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची हा नजरेचा प्रश्न आहे.

म्हणून काहींनी नजरेऐवजी मिलिमीटर धरले. इंग्लंडात पीटर क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी काढलेल्या जुन्या फिल्म घेतल्या. त्यांत खुबे आपसूक आलेले असतात. ६० ते ७५ वयाच्या १,३१५ पुरुषांचे खुबे त्यांनी तपासले आणि १९९० मध्ये लिहिलं की काटे, घट्ट हाड, पोकळ्या या सगळ्यांपेक्षा सगळ्यात अरुंद जागची फट किती, हेच माप माणसाच्या दुखण्याशी जास्त जुळतं. चांगल्या खुब्यात ही फट साधारण चार मिलिमीटरच्या आसपास असते. अडीचच्या खाली गेली की झीज म्हणायची आणि दीडच्या खाली गेली की बरीच झीज म्हणायची, असे हिशेब धरतात. त्यातही एक मेख आहे. खुबा प्लेटपासून थोडा उंच असतो, म्हणून भिंतीवरच्या सावलीसारखं त्याचं चित्र खऱ्यापेक्षा मोठं उमटतं. ऑपरेशनचं माप घ्यायचं असतं तेव्हा ज्याचा व्यास माहीत आहे असा धातूचा छोटा गोळा शेजारी ठेवून फिल्म काढतात आणि त्यावरून खरं माप काढतात. घरी पट्टी लावून फट मोजू नका. मी मोजली होती, डॉक्टर हसले.

आता मुद्द्याचं. फिल्म आणि दुखणं यांचा मेळ किती? यावर २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम गाव आहे. हृदयरोगाच्या दीर्घ अभ्यासामुळे ते जगभर माहीत झालं. तिथल्या ९४६ जणांचे खुबे पाहिले. ज्या खुब्यांत वारंवार दुखतं अशी तक्रार होती, त्यांतल्या फक्त १५.६ टक्के खुब्यांत एक्स-रेवर झीज दिसली. आता उलट बाजू. ज्या खुब्यांत एक्स-रेवर झीज होती, त्यांतले फक्त २०.७ टक्के वारंवार दुखत होते. आकडे मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाटलं छपाईची चूक असावी. म्हणजे केवळ फिल्मवर गेलो तर ज्यांना त्रास आहे त्यांतले बहुतेक सुटतात, आणि ज्यांना त्रास नाही अशांना आपण आजारी ठरवतो.

असं का व्हावं? एक कारण साधं आहे. कूर्चेला मज्जातंतू नाहीत. ती झिजताना स्वतः दुखत नाही. दुखतं ते भोवतालचं आवरण, सुजलेलं अस्तर, खालचं हाड, ताणलेले स्नायू. आणि यातलं बरंच काही साध्या एक्स-रेत उमटत नाही. दुसरं कारण, ज्याला आपण खुब्याचं दुखणं म्हणतो ते अनेकदा खुब्याचं नसतंच. कुल्ह्याच्या मागे दुखतं ते पुष्कळदा कण्याचं असतं. बाजूच्या टेंगळावर, कुशीवर झोपल्यावर दुखतं ते तिथल्या स्नायूबंधाचं. सांध्याचं खरं दुखणं बहुधा जांघेत असतं, मांडीच्या पुढच्या बाजूने खाली उतरतं. आणि कधी कधी ते फक्त गुडघ्यातच जाणवतं.

हे शेवटचं वाक्य आमच्या घरी सव्वा वर्षाला पडलं. माझ्या पत्नीचा उजवा गुडघा दुखायचा. खुब्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात थोडी झीज निघाली. सत्तरीच्या आसपास ती कुणाच्या गुडघ्यात निघत नाही? पण झीज दिसली, गुडघा दुखतोय, म्हणजे झालं. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला, व्यायाम झाला, गुडघ्यात इंजेक्शन झालं. दुखणं जागच्या जागी. ज्यांच्याकडे जात होतो त्यांचं नाव मी घेणार नाही, माणसं सज्जन होती, पण सव्वा वर्षात तिला एकदाही टेबलावर आडवं करून पाय फिरवून पाहिला गेला नाही. प्रत्येक वेळी फिल्म मात्र ट्यूबलाइटसमोर धरली गेली.

मग दुसऱ्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म टेबलावर तशीच पाकिटात ठेवली. तिला विचारलं, पायाची नखं स्वतः कापता का? ती म्हणाली, वर्ष झालं, सून कापते. मांडी घालून बसता? नाही, पण आता वयामुळे कोण बसतं. त्यांनी तिला आडवं केलं, गुडघा दुमडला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आत वळतो. डावा सहज वळला. उजवा अडला आणि ती कळवळली, हात गेला गुडघ्याकडे. डॉक्टर म्हणाले, कमरेखालची दोन्ही खुब्यांची एक फिल्म काढून आणा. फिल्म आली. उजव्या बाजूला फट वरच्या भागात जवळजवळ मिटलेली, काटे, दोन पोकळ्या. रिपोर्टात ग्रेड तीन.

याला एक जोड आहे, ती सांगायचा मोह आवरत नाही. ग्रेडची पद्धत ज्यांनी काढली त्या केलग्रेन यांनीच तरुणपणी, १९३८ च्या सुमारास, लंडनमध्ये वेगळे प्रयोग केले होते. स्वतःच्या आणि मित्रांच्या स्नायूंत मिठाच्या पाण्याची सुई टोचून घ्यायची आणि दुखतं कुठे ते कागदावर आखायचं. सुई एका जागी आणि कळ दुसऱ्याच जागी, असं त्यांना वारंवार दिसलं. दुखणं आपला पत्ता चुकीचा सांगतं, हे दाखवून देणाऱ्या माणसानेच पुढे फिल्मची मोजपट्टी केली. दोन्ही गोष्टी एका डोक्यातून आल्या. आपण त्यातली मोजपट्टी तेवढी उचलली.

बँकेतल्या मंडळींना लगेच कळेल असं सांगतो. कर्जदार ३१ मार्चचा ताळेबंद आणून ठेवायचा. ताळेबंद महत्त्वाचा, त्याशिवाय फाइल हलत नसे. पण तो एका दिवसाचा असतो. गोडाऊनमध्ये माल खरोखर किती आहे, कामगार कामावर आहेत का, यंत्र चालू आहे की त्यावर धूळ आहे, हे पाहायला आम्ही जागेवर जायचो. डॉक्टरांनी पाय फिरवून पाहणं म्हणजे ती गोडाऊनची तपासणी. ती केल्याशिवाय नुसत्या ताळेबंदावर मंजुरी देणारा अधिकारी पुढे खुलासे लिहीत बसायचा.

इथे दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल, एक्स-रेला काही अर्थ नाही. तसं नाही. आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे निश्चिंत, असंही नाही. आपल्या देशात खुबा खराब होण्याचं एक मोठं कारण म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं. रिपोर्टात त्याला ए.व्ही.एन. लिहितात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले, दारू जास्त असलेले, आणि सिकल सेलचे रुग्ण यांना तो धोका असतो. आपल्याकडे विदर्भात सिकल सेल बराच आढळतो, तिथल्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. कोरोनानंतरही हे रुग्ण दिसू लागले. यात माणूस बऱ्याचदा तिशी-चाळिशीतला असतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो, फट पूर्ण असते, कारण कूर्चा शाबूत आहे आणि मरतंय ते आतलं हाड. एम.आर.आय.मध्ये मात्र ते दिसतं. गोळा खचण्याआधी कळलं तर तो वाचवायचे उपाय असतात. म्हणून घरातला तरुण मुलगा आठवडेच्या आठवडे जांघेत दुखतंय म्हणत असेल आणि एक्स-रे चांगला आला असेल, तर ‘बघ, काही नाहीये’ म्हणून त्याला गप्प करू नका.

मग साध्या झिजेत फिल्मचा उपयोग काय? पुष्कळ आहे. तपासणीत जे वाटलं ते खरं आहे का, झीज आहे की आमवात की गोळा खचलाय की जुनं फ्रॅक्चर, हे ती सांगते. दोन वर्षांपूर्वीची आणि आजची शेजारी ठेवली तर आजार कोणत्या वेगाने चाललाय ते कळतं. हा तिचा सगळ्यात मोठा उपयोग, असं माझं मत. आणि ऑपरेशन ठरलंच तर त्याचा सगळा नकाशा तिच्यावरच आखतात. पण ऑपरेशन कधी, याचं उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर रात्री झोप लागते का, किती पावलं चालता, गोळ्या किती लागतात, यात असतं. आजच्या पद्धतीचं खुब्याचं ऑपरेशन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये बसवलं, तेही त्याच लँकेशायरात, राइटिंग्टनच्या हॉस्पिटलात. माणसाचं दुखणं थांबावं यासाठी ते आहे, फिल्म चांगली दिसावी यासाठी नाही.

आता पुन्हा आपल्या लिफ्टकडे. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि या पावसाळ्यात माझी पत्नी चार वेळा खाली उतरली. चारही वेळा दवाखान्यात जायला. गणपतीच्या आरतीला ती गॅलरीतून हात जोडते. पण तिची गोष्ट बाजूला ठेवू. याच इमारतीतल्या दोन सभासदांच्या परवानगीने, नावं न घेता, सांगतो. एकांच्या फिल्मवर ग्रेड चार आहे आणि ते रोज भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढतात. तुम्ही सगळे त्यांना पाहता, कुणाला शंकाही येत नाही. दुसऱ्या बाईंच्या फिल्मवर ‘वयानुरूप किरकोळ बदल’ एवढंच लिहिलंय आणि त्यांना एक मजला चढायला मध्ये दोनदा थांबावं लागतं. रिपोर्ट मागवले तर कमिटी पहिल्यांना गरजू ठरवील आणि दुसऱ्यांना हौशी.

सरकारसुद्धा असं करत नाही. हाता-पायांच्या अपंगत्वाचा दाखला देताना डॉक्टर सांध्याची हालचाल किती राहिली, स्नायूंत ताकद किती, माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, हे तपासून टक्केवारी काढतात. फिल्मची ग्रेड पाहून नव्हे. २०१६ च्या कायद्यात ज्या ४० टक्क्यांना महत्त्व आहे ते टक्के यातून येतात. मग आपल्या कमिटीने सरकारपेक्षा कडक व्हायचं काय कारण? माझी सूचना एवढीच आहे की रिपोर्ट मागण्याऐवजी प्रत्येक घराला एक साधा प्रश्न विचारा. मागच्या महिन्यात घरातलं कोण किती वेळा खाली उतरलं आणि जिन्यामुळे किती वेळा उतरायचं टाळलं? उत्तरं लेखी घ्या, पुढच्या सभेत ठेवा. खर्चाची बाजू वेगळी आहे, तिच्यावर भांडायला आपण सगळे समर्थ आहोत.

जाता जाता, फिल्म सांभाळण्याबद्दल. गुंडाळी करून माळ्यावर टाकू नका, सपाट ठेवा. पाकिटावर तारीख आणि कोणत्या बाजूला दुखत होतं ते लिहा. हल्ली सी.डी. देतात किंवा मोबाइलवर पाठवतात. मोबाइलवरून फोटोचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवाल तर मूळ फाइलही जपून ठेवा, कारण फोटोच्या फोटोत फट नीट दिसत नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना फिल्मबरोबर एका कागदावर लिहून न्या : दुखतं कुठे, ते बोट ठेवून; कधीपासून; सकाळी आखडलेलं किती वेळात सुटतं; मोजे घालता येतात का; रात्री जाग येते का. डॉक्टरांपाशी पाच मिनिटं असतात, ती फिल्म पाहण्यात जाऊ नयेत.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या रिपोर्टात सिस्ट लिहिलंय. म्हणजे गाठ का? तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही.

उत्तर : झिजेच्या सांध्यालगत ज्या सिस्ट लिहितात त्या हाडातल्या लहान पोकळ्या असतात, वर सांगितलेल्या चार खुणांपैकी एक. कर्करोगाची गाठ असा त्याचा अर्थ नाही. तरी रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि हाच प्रश्न जसाच्या तसा विचारा. शब्दाला घाबरून गप्प बसू नका.

प्रश्न : मग सरळ एम.आर.आय.च का काढू नये?

उत्तर : साध्या झिजेसाठी सहसा लागत नाही. त्यात इतकं बारीक दिसतं की न दुखणाऱ्या माणसातही काही ना काही निघतं, आणि मग त्याच्यामागे धावावं लागतं. एक्स-रे चांगला पण दुखणं थांबत नाही, वय कमी, स्टिरॉइड घेतलेले, अशा वेळी डॉक्टर स्वतःच सांगतात.

प्रश्न : ग्रेड तीनची ग्रेड दोन होते का? एका जाहिरातीत तसं म्हटलंय.

उत्तर : झिजलेली फट औषधाने पुन्हा भरून आल्याची फिल्म मी तरी पाहिलेली नाही आणि आमच्या डॉक्टरांनीही पाहिलेली नाही. पण ग्रेड तीच राहून दुखणं कमी होतं, हे मी घरात पाहिलंय. वजन चार किलो उतरलं, पाण्यातले आणि पलंगावरचे व्यायाम नियमित झाले, आणि ती आता रात्रीची सलग झोपते. फिल्म मात्र तीच आहे.

प्रश्न : काठी कोणत्या हातात धरायची? मी दुखणाऱ्या बाजूला धरतो.

उत्तर : खुबा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. एका पायावर भार आला की कंबर सरळ ठेवायला त्या बाजूचे स्नायू जोराने ओढतात आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की ती ओढ कमी होते. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाका. जिना चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली. आपल्या जिन्याचा कठडा चढताना उजव्या हाताला येतो, तेव्हा ज्यांची काठी उजव्या हातात असते त्यांनी चढताना ती डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने कठडा धरावा.